गुढीपाडव्याला ठाण्यात पहिल्यांदा येताय? आदल्या संध्याकाळीच या

ठाण्याचा पाडवा म्हटलं की बहुतेकांना पेपरात छापून येणारा एकच फोटो आठवतो: नववर्ष स्वागतयात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायका. त्या फोटोपायी सकाळी दहाला स्टेशनवर उतरणारे, गोखले रोडवर गर्दीच्या मागच्या रांगेत तासभर टाचा उंच करून उभे राहणारे आणि घामाघूम होऊन परत जाणारे पाहुणे दर वर्षी दिसतात. त्यांना पाहून खरंच हळहळ वाटते. इथला पाडवा आदल्या संध्याकाळी तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, सुरू होतो, सकाळी कौपिनेश्वर महादेवाच्या पालखीबरोबर जुन्या गावातून फिरतो आणि दुपारी घरोघरी पानावर बसतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेले असा, नाहीतर नाशिक-साताऱ्याहून दोन दिवसांसाठी आलेले, थोडी तयारी केलीत तर यातलं काहीच हुकणार नाही.

आधी तारीख, मग मार्ग

चैत्र शुद्ध प्रतिपदा इंग्रजी तारखेनं बरीच मागेपुढे सरकते. २०२५ मध्ये ती ३० मार्चला आली, २०२६ मध्ये १९ मार्चला आणि २०२७ मध्ये ७ एप्रिलला. अंगावर काय घालायचं आणि किती वेळ उभं राहायचं हे या तारखेवर ठरतं. मार्चच्या मध्यात सकाळ सुसह्य असते. एप्रिलातला पाडवा असेल तर नऊलाच ऊन लागायला लागतं, आणि खाडीकाठच्या गावातला दमटपणा वेगळाच.

नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा तशी जुनी नाही. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये पहिली यात्रा काढली आणि तिथून ती कल्पना ठाण्यासह महाराष्ट्रभर पसरली. ठाण्यात श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यास ही यात्रा भरवतो. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात स्थानिक पेपरांत मार्ग आणि वेळा छापून येतात, शिवाय वाहतूक पोलीस बंद रस्त्यांची अधिसूचना काढतात. दोन्ही वाचा आणि मार्गाचं कात्रण मोबाइलमध्ये ठेवा. साधारणपणे यात्रा कौपिनेश्वर मंदिरापासून निघून जांभळी नाका, रंगो बापूजी गुप्ते चौक, दगडी शाळा, गजानन महाराज चौक, तीन पेट्रोल पंप, हरिनिवास, गोखले रोड, राम मारुती रोड असं वळण घेऊन पुन्हा तलावपाळीला येते. मार्गात एखादा बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीचा बघायचा.

गाडी घरी ठेवा

याबाबत माझं मत पक्कं आहे. नौपाडा आणि स्टेशन परिसराचे रस्ते एरवीच्या दिवशीही अरुंद वाटतात, आणि त्या सकाळी त्यातले बरेचसे बंद असतात. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ आहे, पण पाडव्याच्या सकाळी त्याच्या भरवशावर निघू नका. तिथपर्यंत पोचणं हेच मुश्कील होऊन बसतं.

लोकलनं या. सीएसएमटी ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर, म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या वाटेनं आली तीच वाट. नवी मुंबईकरांना वाशी, नेरूळ, पनवेलहून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट ठाण्यात सोडते. पाडवा रविवारी आला असेल तर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी तपासा, आणि परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. दुपारी तिकीट खिडकीसमोरची रांग बघून मन खचतं.

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडायचं. टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बस वर स्टेशनासमोरच्या सॅटिसच्या पुलावरून सुटतात, रिक्षा खाली. तुम्हाला त्यातलं काहीच नको आहे. शिवाजी पथानं सरळ चालत निघालात की दहा मिनिटांत जांभळी नाका आणि मासुंदा तलाव. या तलावालाच सगळे तलावपाळी म्हणतात, कुणाला रस्ता विचाराल तेव्हा तोच शब्द वापरा.

घोडबंदरकडून येणाऱ्यांनी टीएमटीनं यावं आणि बस वळवली गेली असेल तर जिथे सोडेल तिथून चालावं. तुमच्या भागातून उपयात्रा निघते का याचीही चौकशी करा. घोडबंदर रोड, वसंत विहार, कळवा अशा बाजूंनाही आपापल्या यात्रा निघतात. लहान मूल किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर पहिल्या वर्षी घराजवळची उपयात्राच बघा. ती लहान असते, मोकळी असते आणि शेजाऱ्यांची ओळख तिथेच होते.

आदली संध्याकाळ: बाजार आणि दीपोत्सव

मला विचाराल तर दोन दिवसांतला सगळ्यात सुंदर भाग हाच. चार-साडेचारला जांभळी नाक्यावर पोचा. सगळा रस्ता पिवळा-केशरी झालेला असतो. झेंडूचे ढीग, आंब्याचे टहाळे, कडुनिंबाच्या डहाळ्या, वेळूच्या काठ्या, आणि दोरीला टांगलेल्या साखरेच्या गाठी: पांढऱ्या, गुलाबी, केशरी. झेंडूचा भाव सहाच्या पुढे चढतो आणि रात्री उशिरा उतरतो. पण रात्री राहिलेल्या मालात डाग पडलेली फुलं जास्त, म्हणून लवकरच घ्या. कडुनिंबाची डहाळी निवडताना कोवळी, तांबूस पालवी असलेली आणि जमल्यास फुलोरा आलेली बघा. चटणीला तीच लागते.

ठाण्यात नव्यानं घर घेतलेल्यांसाठी यादी सांगून टाकतो: वेळूची काठी, नवं कोरं काठपदराचं वस्त्र किंवा खण, तांब्या (तांब्याचा, चांदीचा, घरात असेल तो), कडुनिंब, आंब्याची डहाळी, झेंडूचा हार, गाठी, सुतळी, हळद-कुंकू. काठीच्या टोकाला वस्त्राच्या निऱ्या, डहाळ्या, हार आणि गाठी एकत्र घट्ट बांधायच्या आणि वर तांब्या पालथा घालायचा. घरातून बाहेर बघताना उजव्या हाताला गुढी उभी करतात. विसाव्या मजल्यावर राहत असाल तर खाडीवरून येणारा वारा लक्षात घ्या आणि काठी ग्रिलला दोन ठिकाणी बांधा, तांब्याही सुतळीनं जखडा. खाली लोक चालत असतात. ग्रिल नसेल तर गॅलरीच्या आत पाटावर उभी केलेली गुढी तितकीच चांगली. बाजारात हातभर उंचीची तयार गुढीही मिळते, पण घरात मुलं असतील तर काठी विकत आणून त्यांच्याकडून सजवून घ्या.

सामान घेतलंत की पिशव्या सांभाळत तलावाकडे वळा. संध्याकाळी तलावपाळीवर दीपोत्सव आणि आरती होते. अंधार पडायच्या आधी कठड्याजवळची जागा धरा. पणत्या लावायला हात लागतातच, त्यामुळे कुणी काडेपेटी पुढे केली तर संकोच करू नका. ठाणे हे तलावांचं शहर. एकेकाळी साठाहून अधिक तलाव होते, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. उरलेल्यांपैकी हा गावाच्या अगदी मधोमध आहे. काठावरच्या दिव्यांची ओळ पाण्यात उतरते तेव्हा तलावाच्या मध्यावरचं छोटं शिवमंदिरही उजळून दिसतं. एक विनंती आहे. पाण्यात दिवे सोडायची हौस असेल तरी थर्माकोल किंवा प्लॅस्टिकचं काही सोडू नका. या तलावात मासे आहेत.

गावदेवी मैदानात रंगावलीकारांची मोठी रांगोळी असेल तर तीही याच संध्याकाळी बघून घ्या. ती बघायला घाई चालत नाही. बांबूच्या कठड्याबाहेरून एक फेरी पूर्ण मारा, मग पुढच्या बाजूला उभे राहून पुन्हा बघा.

राहायची सोय हवी असेल तर हॉटेलं प्रामुख्यानं तीन हात नाका आणि पुढे घोडबंदर रोडच्या बाजूला आहेत. तीन हात नाक्याजवळची खोली घ्या, सकाळी गोखले रोडला चालत येता येतं. घोडबंदरला उतरलात तर पहाटे वाहनाच्या शोधात वेळ जाईल.

पाडव्याची सकाळ

साडेपाचला उठा. सुती कपडे, आणि पायात रोजच्या वापरातली चप्पल. नवी कोल्हापुरी आजच काढायची नाही, चार किलोमीटरमध्ये टाच सोलते. पारंपरिक पोशाख केलात तर छानच, पण साध्या सदऱ्यात आलेल्यालाही कुणी वेगळं समजत नाही. जवळ पाण्याची बाटली, टोपी किंवा पंचा, आणि थोडे सुटे पैसे. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क गळपटतं आणि चहावाल्याचा क्यूआर कोड चालत नाही. मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. ‘गडकरीच्या पायऱ्या’, म्हणजे तलावाशेजारच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पायऱ्या, हे ठिकाण सगळ्या ठाण्याला माहीत आहे. स्वच्छतागृहाचं काम निघण्यापूर्वी उरकून घ्या, यात्रेच्या मार्गावर सोय तोकडी आहे.

पालखी सातच्या सुमारास निघते. त्याआधी कौपिनेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर सहालाच मंदिरात हवं. आजचं मंदिर १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलं. गाभाऱ्यातलं शिवलिंग एवढं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा दारातच थबकतो. मागच्या लोकांसाठी लवकर पुढे सरका, शांतपणे बघायला दुपारी परत येता येईल.

कुठे उभं राहायचं

पालखी अगदी जवळून बघायची तर जांभळी नाका. रस्ता चिंचोळा असल्यामुळे रेटारेटी होते, पण पालखी हातभर अंतरावरून जाते. वयस्कर माणसांना इथे आणू नका.

कुटुंबासोबत असाल तर गोखले रोड. लांब, सरळ आणि दोन्ही बाजूंना इमारती. आठनंतर पूर्वेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते, तोच फुटपाथ धरा. साडेसातपर्यंत आलात तर पुढची रांग मिळते. चित्ररथांवरचे फलक वाचायला इथे वेळ मिळतो, आणि ते वाचायलाच हवेत. पाणी वाचवा, मराठी शाळा टिकवा, अवयवदान करा, हेल्मेट घाला, असे विषय घेऊन शहरातल्या संस्था, शाळा, गृहसंकुलं महिनाभर खपलेली असतात. एखाद्या ट्रकवर सात-आठ पोरं मल्लखांबावर लटकलेली, मागून लेझीमचा मेळा, त्यामागे सायकलस्वार, मग दुचाकीवरच्या बायका. टाळ्या वाजवा, नाव विचारा, शुभेच्छा द्या. चित्ररथावर भर उन्हात शिवाजी महाराजांचा जिरेटोप घालून बसलेल्या मुलाला तेवढ्यानं हुरूप येतो.

राम मारुती रोड तरुणांचा. कॉलेजची पोरंपोरी इथे नटूनथटून जमतात, ढोल-ताशा इथेच रंगतो आणि फोटोंचा नुसता पाऊस पडतो. पंचविशीच्या आतले असाल तर दुसरीकडे जाऊच नका. तान्ह्या बाळाला मात्र या रस्त्यावर आणू नये. ढोल अगदी समोर वाजतो तेव्हा छातीत हादरे बसतात, लहानग्यांच्या कानांना ते सोसत नाही.

दमलात तर विष्णुनगर-घंटाळीच्या गल्ल्यांमधून आत शिरा. मुख्य रस्त्यापासून पन्नास पावलांवर गर्दी विरळ होते, खिडक्याखिडक्यांतल्या गुढ्या दिसतात, दारातल्या रांगोळ्या दिसतात. कुणाच्या गुढीचा फोटो काढायचा असेल तर घरातल्या माणसाला एकदा विचारा. बहुतेक वेळा हसून ‘काढा की’ म्हणतील आणि हातावर साखरही ठेवतील.

बघून झालं की थोडं अंतर यात्रेत सामील होऊन चाला. बाहेरचे म्हणून कडेला राहायची काही गरज नाही. एखाद्या पथकाच्या मागे जागा बघा आणि पावलं मिळवा. पथकांच्या दोरीच्या आत मात्र शिरायचं नाही, वादकांना हात फिरवायला जागा लागते. पालखीच्या पुढे धावत जाऊन सेल्फी काढणं, रांगोळीवर पाय देणं, रिकाम्या बाटल्या दुभाजकावर ठेवून जाणं, हे कुणीच करू नये.

शेवट तलावपाळीला. साडेदहा-अकरापर्यंत शेवटची पथकं पोचतात. पाण्यावरून वारा येतो आणि बसायला कठडा आहे.

पोटोबा

न्याहारी यात्रेआधी थोडी आणि नंतर नीट, असा क्रम ठेवा. गजानन महाराज चौकाजवळचा गजानन वडापाव त्याच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी प्रसिद्ध आहे आणि यात्रेच्या वाटेवरच आहे. तहसीलदार कचेरीजवळची मामलेदार मिसळ कित्येक दशकांची जुनी. तिचा तिखटपणा हलक्यात घेऊ नका, पहिल्यांदा खाणाऱ्यानं कमी तिखट सांगावी आणि ताक मागवावं. सणाच्या दिवशी दोन्हीकडे रांग असते किंवा मालक स्वतःच सुट्टी घेतात. म्हणून पिशवीत दशम्या, चिक्की असं काहीतरी ठेवाच.

खरं पाडव्याचं जेवण घरचं: श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कुठे पुरणपोळी. ओळखीच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. जाताना फुलं किंवा पाव किलो मिठाई न्या, चपला दाराबाहेर काढा, आधी गुढीला नमस्कार करा. पहिल्यांदा हातावर कडुनिंबाची चटणी येईल: कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, जिरं, चिंच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. कडू लागते, पण ती घेतल्याशिवाय पान वाढत नाहीत. उन्हाळा तोंडावर असताना पोट साफ राहावं म्हणून जुन्या लोकांनी ती पहिल्या घासाला ठेवली. घरात आजी-आजोबा असतील तर पंचांगवाचन ऐकायला बसा. शालिवाहन शकाचं नवं वर्ष आजपासून सुरू होतं, आणि यंदा पाऊस कसा यावर मग अर्धा तास चर्चा रंगते.

दुपारी जुनं ठाणं

बाराला रस्ते मोकळे व्हायला लागतात, आणि बहुतेक पाहुणे नेमके तेव्हा निघून जातात. तुम्ही थोडं थांबा. ऊन्हं कलल्यावर चारच्या सुमारास तलावापासून पायी एक फेरी मारा. काठावरच पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे. टेंभी नाक्याला बेने इस्रायली समाजाचं १८७९ चं सिनेगॉग. सुभाष पथावर मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ साली सुरू झालेलं. सणामुळे बंद असलं तरी पाटी वाचायला उभे राहा. इथल्या काही वाचकांनी एकशेतीसहून जास्त वर्षं ते जपलंय. थोडं पुढे मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती दिसतील. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. आत जाता येत नाही आणि फोटोही काढू नका. पण सकाळी ज्या गावातून पालखी फिरली ते गाव किती जणांचं आहे, हे या एका फेरीत समजतं.

खरेदी करायची असेल तर हीच वेळ. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, त्यामुळे राम मारुती रोड आणि गोखले रोडच्या सराफांकडे संध्याकाळी टोकन घेऊन बसावं लागतं. गर्दीचा कंटाळा असेल तर वेढणं किंवा मणी आदल्या आठवड्यात पसंत करून ठेवा आणि आज फक्त घरी आणा. नाटकाची आवड असेल तर १९७८ पासून तलावाशेजारी उभ्या असलेल्या गडकरी रंगायतनचा त्या दिवशीचा फलक बघा. सुट्टीचे प्रयोग लवकर भरतात, तिकीट आधी काढा.

घरी गुढी उभारली असेल तर सूर्यास्ताच्या आत परतायला हवं. हळद-कुंकू वाहून, गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवतात आणि गाठी मुलांना वाटतात. काठी फेकू नका, पुढच्या वर्षी चालते. कडुनिंबाची पानं सुकवून धान्याच्या डब्यात टाका, निर्माल्य वेगळ्या पिशवीत बांधा.

मुंबईकडे जाणाऱ्यांनी कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्ट लोकलच्या मागे लागू नये. ठाण्याहूनच सुटणाऱ्या सीएसएमटी स्लो लोकल असतात. वीस मिनिटं जास्त लागतील, पण दिवसभर चाललेल्या पायांना बसायला जागा मिळेल. इंडिकेटरवर ‘ठाणे’हून सुटणारी गाडी कोणत्या फलाटावर लागतेय ते बघा आणि ती रिकामी व्हायच्या आधीच तिथे उभे राहा.